दिवा बरोबर, वेळ चुकीची

वाचक लिहितात :

ताई, सलग तिसरा हिवाळा असा चाललाय. दिवस लहान व्हायला लागले की माझं बिनसतं. दहा-दहा तास झोपते, तरी सकाळी अंग उचलवत नाही. दुपारनंतर गोड खाल्ल्याशिवाय राहवत नाही, वजन वाढतं, कपडे होत नाहीत. मैत्रिणींचे फोन नुसते वाजू देते. ऑफिसात साधी दोन ओळींची मेल लिहायला तास जातो. दरवर्षी जानेवारीत राजीनामा लिहून ठेवते आणि ऊन तापायला लागलं की मीच तो फाडते. नवरा तसा समजूतदार आहे, पण परवा म्हणाला की असा काही आजार नसतोच असं त्यानं कुठेतरी वाचलंय. आळस आहे, जरा मनावर घे. बहिणीच्या सांगण्यावरून उजेडाचा दिवा मागवला. कामावरून आल्यावर रात्री नऊ ते साडेनऊ तो टेबलावर लावून जेवते. आठवडा झाला, काडीचा फरक नाही. उलट झोप आणखी उशिरा लागते. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्याही चालू केल्यात. कधीकधी वाटतं, झोपलेलीच राहावं. हे असंच दरवर्षी चालायचं का?
— पांघरुणातली

प्रिय पांघरुणातली,

आज रात्री तो दिवा लावू नका. उद्या सकाळी लावा. बाकीच्या पत्रावर सावकाश बोलू, पण हे आधी सांगते, कारण तुमचं वर्णन ऋतूशी बांधलेल्या नैराश्यासारखं दिसतं, त्यावर तुम्ही उपाय बरोबर निवडलाय आणि तो नेमका उलट्या वेळी करताय. गुण येत नाही म्हणून पुन्हा स्वतःलाच बोल लावताय, ते वेगळंच.

त्याहून आधी एक प्रश्न मात्र विचारायलाच हवा. ‘झोपलेलीच राहावं’ असं तुम्ही जाता जाता लिहून गेलात. त्याचा अर्थ थकवा आहे, सुट्टी हवी आहे, की जगणंच नको झालंय? फरक तुम्हालाच माहीत. जगणं नको असं वाटत असेल, जिवाचं काही बरंवाईट करून घेण्याचे विचार येत असतील, तर हे सदर बाजूला ठेवा, नवऱ्याला किंवा बहिणीला तो विचार आहे त्या शब्दांत सांगा आणि आजच डॉक्टर गाठा. तुमच्या भागातली हेल्पलाइन किंवा जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग, जे आधी हाताशी येईल ते. अशा वेळी ‘हिवाळा सरेल तसं जाईल’ असा हिशेब करायचा नसतो.

तसं नसेल, निव्वळ थकवा असेल, तर चला दिव्याकडे.

डोळ्यांनी आपण बघतो एवढंच आपल्याला ठाऊक असतं. पण डोळे मेंदूला वेळही सांगतात. आपल्या दृष्टिपटलात काही पेशी अशा आहेत की ज्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं हे नाहीच. बाहेर उजेड किती, याची खबर त्या पोचवतात आणि निळसर उजेडाला त्या जास्त दाद देतात. या पेशी आपणहून उजेड ओळखतात हे २००२ च्या सुमारास पक्कं झालं. त्यांची खबर मेंदूच्या तळाशी असलेल्या एका बारीकशा केंद्राला जाते. झोप कधी, जाग कधी, भूक कधी, अंगाचं तापमान कधी चढायचं, मेलाटोनिन हे रात्रीचं संप्रेरक कधी सुटायचं, हे सगळं वेळापत्रक तिथून हलतं. सकाळचा उजेड ते वेळापत्रक लवकरच्या बाजूला ओढतो, रात्रीचा झगझगीत उजेड उशिराच्या बाजूला. हिवाळ्यात पुष्कळांचं हे घड्याळ आधीच मागे पडलेलं असतं, कारण सकाळी त्याला जागं करणारा उजेडच वेळेवर येत नाही. त्यात तुम्ही रात्री नऊला डोळ्यांसमोर दुपार आणून ठेवता. झोप उशिरा लागणार नाही तर काय होणार? दिवा त्याचं काम चोख करतोय, तुमच्या गरजेच्या विरुद्ध दिशेनं एवढंच.

म्हणून दिवा सकाळी लावायचा. उठल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात, अर्धा तास, रोज. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. सुट्टीच्या दिवशी जास्तच, कारण हिवाळ्यात तुमच्यासारखी माणसं शनिवार-रविवारी अकरापर्यंत झोपतात आणि आठवडाभर ओढूनताणून लवकर आणलेलं घड्याळ दोन दिवसांत परत मागे नेतात.

आता मोजपट्टी घ्या. खरंच घ्या. दिव्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात १०,००० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात अंतर लिहिलेलं असतं. ते अंतर कुणी वाचत नाही. पुष्कळ दिव्यांना हा आकडा फक्त वीस-तीस सेंटिमीटरवर गाठता येतो, काही चांगल्या मोठ्या दिव्यांना जरा लांबून. तुम्ही जेवताना टेबलावर लावता म्हणजे ताट मध्ये, दिवा पलीकडे, साधारण हातभर तरी लांब. अंतर दुप्पट झालं की डोळ्यांपर्यंत पोचणारा उजेड जवळजवळ चौथाईवर येतो. म्हणजे १०,००० चे तुम्हाला फार तर दोन-तीन हजार मिळत असणार. २,५०० लक्सवरही काम होतं, पण मग दोन तास बसावं लागतं, आणि कामाला जाणाऱ्या बाईला सकाळी दोन तास कोण देणार? तेव्हा दिवा जवळ ओढा. अगदी नाकासमोर नको, जरासा बाजूला आणि डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा वर. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. डोळे उघडे ठेवून चहा घ्या, वाचा, केस विंचरा. डोळे मिटून डुलकी काढली तर तो अर्धा तास फुकट.

फरक दिसायला बहुतेकांना एक ते दोन आठवडे लागतात. बरेचदा आधी सकाळची जाग सुधारते, मग दिवसाचा जडपणा उतरतो, मन सगळ्यात शेवटी. हा क्रम लक्षात ठेवा, नाहीतर ‘उठवतंय तर खरं, पण आनंद काही होत नाही’ म्हणून पाचव्या दिवशी सोडून द्याल. आणि बरं वाटायला लागलं म्हणूनही सोडू नका. थांबवलं की बरेचदा काही दिवसांतच मरगळ परत येते, तेव्हा दिवस पुरेसा मोठा होईपर्यंत चालूच ठेवायचं. सुरुवातीला डोकं दुखलं, डोळे चुरचुरले किंवा मळमळलं तर वेळ कमी करून हळूहळू वाढवा.

मात्र काही जणांनी दिव्यासमोर बसण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. दृष्टिपटलाचा विकार असेल, मधुमेहामुळे डोळ्यांवर परिणाम झालेला असेल, उजेडाला कातडी किंवा डोळे हळवे करणारं एखादं औषध चालू असेल, तर विचारल्याशिवाय नको. आणि आयुष्यात कधी असा काळ येऊन गेला असेल की तीन-चार तासांच्या झोपेवर अंगात वारं शिरल्यासारखं वाटत होतं, बोलणं थांबत नव्हतं, पैसा हातात टिकत नव्हता, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. उन्माद आणि नैराश्य यांचे झोके ज्यांच्यात असतात त्यांना हा उजेड दुसऱ्या टोकाला नेऊ शकतो. दिवा अतिनील किरणं गाळणारा आहे ना, हेही एकदा खोक्यावर बघून घ्या. त्वचा काळवंडवायचे दिवे असतात ते यासाठी चालत नाहीत.

दिवा नसला तरी अडत नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण वाचणाऱ्या सगळ्यांकडे तो नसेल. रात्री दिवे लावलेल्या घरात साधारण शंभर-दोनशे लक्स उजेड असतो, ऑफिसात तीनशे ते पाचशे. आणि बाहेर, अगदी आभाळ भरून आलेलं असताना? हजार ते दहा हजार. कडक उन्हात तर लाखापर्यंत. आपल्याला एवढा फरक जाणवत नाही, कारण डोळे लगेच जुळवून घेतात आणि घरातला उजेडही पुरेसाच वाटतो. म्हणून ‘ऊनच नाही, तर बाहेर जाऊन काय करू’ हे म्हणणं चुकीचं आहे. ढगाळ सकाळी वीस मिनिटं चालणं हे ऑफिसातल्या ट्यूबखाली आख्खा दिवस बसण्यापेक्षा या घड्याळाला जास्त कळतं. त्या वेळी गॉगल नको. उजाडायच्या आतच कामावर पोचावं लागत असेल तर दुपारच्या सुट्टीत बाहेर पडा. ते सकाळइतकं नामी नाही, पण खुर्चीत बसून खाण्यापेक्षा शंभरदा बरं. ऑफिसात जागा बदलून मिळत असेल तर खिडकीला चिकटून मागा. खिडकीपासून दोन-तीन मीटर आत सरकलं की उजेड झपाट्यानं कमी होतो.

तुमचा राजीनामा दर जानेवारीतच का लिहिला जातो, याचं एक कारण कदाचित आकाशात आहे. उत्तर गोलार्धात सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा. त्यानंतर दिवस मोठा होऊ लागतो म्हणून आपल्याला वाटतं, आता सुटलो. पण मध्यम अक्षांशांवर दिवस आधी संध्याकाळच्या बाजूनं वाढतो. सूर्योदय मात्र डिसेंबर संपेपर्यंत, जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत आणखी उशिरा-उशिराच होत राहतो. म्हणजे सगळे ‘दिवस वाढतोय बघ’ म्हणत असताना तुमची सकाळ अजून अंधारी होत असते, आणि तुम्हाला तर सकाळच हवी आहे. त्यात सणासुदीची गडबड संपलेली, सुट्ट्या संपलेल्या. महिना अवघड जाणारच.

आता नवऱ्याचं. त्यानं वाचलं ते अगदीच हवेतलं नसणार. अमेरिकेत ३४,२९४ प्रौढांच्या उत्तरांवरून केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नैराश्याची लक्षणं आणि ऋतू, अक्षांश किंवा उजेड यांचा संबंध सापडला नाही, आणि त्या संशोधकांनी या निदानावरच प्रश्नचिन्ह लावलं. त्यावरून वाद झाला, तो होऊ दे. पण हजारो लोकांच्या सरासरीत एखादी गोष्ट दिसली नाही म्हणजे ती कुणालाच होत नाही, असं होत नाही. सरासरीला घरात कोण कधी अंथरुणाला खिळतं हे कळत नसतं. तुमच्याकडे तीन वर्षांचा पुरावा आहे : ठरावीक महिन्यांत सुरू, ठरावीक महिन्यांत बंद, मधल्या काळात ठणठणीत. डॉक्टरसुद्धा ऋतूशी बांधलेलं नैराश्य ठरवताना हेच विचारतात, सलग दोन वर्षं तरी तीच तऱ्हा आहे का आणि इतर ऋतूंत माणूस बरा असतो का. आळसाचा मोसम नसतो हो. आळशी माणूस उन्हाळ्यातही आळशीच असतो, आणि तुम्ही तर उन्हाळ्यात येऊन स्वतःचा राजीनामा फाडता!

हा विषय पुढे आला तोही अशाच एका चिवट नोंदीमुळे. अमेरिकेतल्या एका इंजिनिअरनं आपल्या मनःस्थितीच्या कित्येक वर्षांच्या नोंदी ठेवल्या होत्या आणि दिवस लहान झाला की आपण खचतो हे त्याला दिसलं होतं. तो तिथल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांकडे गेला, त्यांनी त्याला झगझगीत उजेडासमोर बसवलं, आणि त्याला गुण आला. त्याच संस्थेतल्या नॉर्मन रोझेंथल यांनी सहकाऱ्यांसह १९८४ मध्ये अशा २९ रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि या प्रकाराला ‘सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर’ हे नाव मिळालं. रोझेंथल स्वतः दक्षिण आफ्रिकेतून न्यूयॉर्कला आले होते आणि तिथल्या हिवाळ्यात त्यांची स्वतःचीही तीच गत झाली होती.

आणि नाव मिळण्याच्या किती आधीपासून माणसं हे भोगत आलीत! १८९८ मध्ये ‘बेल्जिका’ नावाचं जहाज अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलं आणि सुमारे सत्तर दिवस सूर्य उगवलाच नाही. खलाशी सुस्त झाले, खिन्न झाले, काहींचा तोल गेला. जहाजावरचा डॉक्टर फ्रेडरिक कुक यानं त्यांना कपडे उतरवून रोज पेटत्या शेगडीच्या उजेडात उभं करायला सुरुवात केली. त्यांच्या दुखण्यात स्कर्व्हीचाही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावानं होणाऱ्या आजाराचाही, मोठा वाटा होता आणि कुकनं त्यावर ताजं मांस खायला लावलं, त्यामुळे सगळं श्रेय शेगडीला देता येणार नाही. पण हाडापेरानं धडधाकट, बर्फावर जायची हौस असलेली ती माणसं होती. त्यांना कुणी ‘मनावर घे’ म्हणून बघायला हवं होतं.

नवऱ्याशी मात्र या गोष्टी सांगून वाद घालत बसू नका. वादात तुम्ही दमाल, आणि तसंही तो बायकोवर अविश्वास दाखवतोय असं मला वाटत नाही. काय करावं ते कळत नाही म्हणून बोलतोय. त्याला काम द्या. ‘मला उठवू नकोस, ओरडू नकोस. सहाला पडदे उघड, दिवा माझ्या बाजूला आणून लाव आणि चहा तिथे ठेव.’ एवढंच. ‘समजून घे’ असं सांगितलं तर पुष्कळ नवरे बावचळतात. काय करायचं ते सांगितलं तर नीट करतात.

झोपेबद्दल थोडं, आणि ते तुम्हाला आवडणार नाही. दहा तासांची झोप तुम्हाला विश्रांती देत नाहीये, तुमचा उजेड खातेय. या प्रकारच्या नैराश्यात झोप उडत नाही, वाढते. भूक मरत नाही, गोडाकडे आणि पिठाच्या पदार्थांकडे धावते. म्हणून तर लोक त्याला आळस आणि अधाशीपणा समजतात. उठायची वेळ एक ठरवा आणि ती रोज तीच ठेवा, मग झोपायची वेळ दोन आठवड्यांत आपोआप लवकरच्या बाजूला येईल. खाण्याच्या बाबतीत मात्र या दिवसांत डाएट सुरू करू नका. आधीच अंगात त्राण नाही, त्यात उपासमार कशाला? सकाळचं आणि दुपारचं खाणं पोटभर, वेळेवर, त्यात प्रथिनं असलेलं घ्या, म्हणजे दुपारची गोडाची हाक जरा बारीक होते. तरी खाल्लंत तर खाल्लंत. वजनाचं उन्हाळ्यात बघू. तोवर एक माप मोठे दोन कपडे घ्या आणि रोज सकाळी कपाटासमोर होणारा अपमान बंद करा.

मैत्रिणींचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुमची वाट अशी चाललेली दिसते : जडपणा येतो म्हणून बाहेर जाणं टळतं, टळलं म्हणून उजेड आणि माणसं दोन्ही कमी मिळतात, त्यानं जडपणा वाढतो. इथे ‘मन झालं की जाईन’ हा नियम चालत नाही, कारण मन होणारच नाही. आधी जायचं, मन मागाहून येतं. कधी अर्ध्या तासानं येतं, कधी येतही नाही, तरी जाऊन आल्याचा तोटा नसतो. पण मोठे बेत नकोत. एका मैत्रिणीला, सगळ्यांना नव्हे, खरं काय ते सांगा आणि तिच्याबरोबर आठवड्यातली एक वार-वेळ बांधून टाका, शक्यतो उजेडातली. आणि तिला आधीच परवानगी देऊन ठेवा की ‘मी नाही म्हटलं तरी तू दारात येऊन उभी राहा.’ बाकीच्यांना एक मेसेज पुरे : ‘हे दोन-तीन महिने माझे जरा जड जातात, फोन उचलला नाही तर रागावू नका.’ हा मेसेज पाठवल्यावर वाजत्या फोनकडे बघत बसण्यातली निम्मी अपराधी भावना कमी होईल, आणि त्या अपराधी भावनेतच तुमची किती शक्ती जाते ते तुमच्या पत्रात दिसतंय.

राजीनामा. लिहा, खुशाल लिहा. मन हलकं होत असेल तर नाट्यमय भाषेत लिहा. पण देऊ नका. नोकरी, लग्न, घर, पैसा, कुणाशी कायमचं तोडणं यांचे निर्णय या महिन्यांत घ्यायचे नाहीत, असा नियमच करा. नोकरी खरोखर वाईट असेल तर ती एप्रिलमध्येही वाईट असेल, तेव्हा सोडा. सलग दोनदा तुम्ही तो कागद फाडलात याचा अर्थ नोकरी बरी आहे, डोकं दमलेलं होतं. यंदाचा मात्र फाडू नका. जपून ठेवा आणि उन्हाळ्यात शांतपणे वाचा. त्यातली एखादी तक्रार उन्हातही तितकीच खरी वाटली, तर तेवढीच साहेबांकडे न्या.

दोन ओळींच्या मेलला तास लागतो, त्यावर माझ्याकडे जादू नाही. जड कामं दिवसाच्या उजेडात, उठल्यापासूनच्या पहिल्या चार-पाच तासांत उरकायची, नुसती भरण्याची-मोजण्याची कामं संध्याकाळकडे ढकलायची. मेल वाईट लिहा आणि पाठवा.

आता डॉक्टर. तीन वर्षं झाली, कामावर परिणाम होतोय, झोप-भूक बदललीय. एवढ्यावर एकदा जाऊन यायला हवंच, दिव्यानं बरं वाटलं तरी. सततचा थकवा, जादा झोप आणि वाढतं वजन हे थायरॉइडमुळेही होतं, रक्त कमी असल्यानंही थकवा येतो, आणि रात्री घोरण्यात श्वास अडकत असेल तर दहा तास झोपूनही झोप झालेली नसते. ‘हिवाळाच आहे’ म्हणून ही साधी तपासणी राहून जाऊ नये. ड जीवनसत्त्वाची पातळीही त्याच रक्तात तपासून घ्या. कमी असेल तर गोळ्या घ्या, हाडांसाठी त्या लागतातच. पण मन उभारी धरेल म्हणून घेत असाल तर त्याचे पुरावे उलटसुलट आहेत. मापाशिवाय जादा गोळ्या खात राहणं तर अपायाचं. आणि बहिणीला सांगा, उजेडाचा दिवा ड जीवनसत्त्व देत नाही. त्यासाठी लागणारी अतिनील किरणंच त्यात गाळून टाकलेली असतात.

डॉक्टर औषध सुचवतील तर दचकू नका. कॅनडात ९६ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सकाळचा १०,००० लक्सचा अर्धा तास आणि फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं नेहमीचं औषध, दोन्हींचा आठ आठवड्यांनंतरचा गुण जवळपास सारखा निघाला : दोन्ही गटांत ६७ टक्के लोकांना चांगला फरक पडला. उजेडाचा परिणाम जरा लवकर दिसू लागला, एवढंच. म्हणजे औषध घेणारी बाई दिवा लावणाऱ्या बाईपेक्षा कमकुवत ठरत नाही. कुणाला सकाळी अर्धा तास जमतो, कुणाच्या घरी लहान मुलं असतात आणि गोळी बरी पडते, कुणाला दोन्ही लागतात. ते डॉक्टरांबरोबर ठरवा. शेजारणीची उरलेली गोळी नको.

तुमचा शेवटचा प्रश्न : दरवर्षी असंच चालायचं का? खोटा दिलासा देत नाही. या प्रकाराची खोडच परत येण्याची आहे. एखादा हिवाळा हलका जातो, पण पुढचा तसाच जाईल याची खात्री नसते. मात्र तो तुम्हाला दरवेळी बेसावध गाठतो, हे बदलता येतं. अमेरिकेतल्या व्हर्मॉन्ट विद्यापीठात केली रोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या दोन गटांची तुलना केली, एकाला उजेड आणि दुसऱ्याला विचार व वागणूक बदलायला शिकवणारी खास उपचारपद्धती (कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे सीबीटी). त्या हिवाळ्यात दोन्ही सारख्याच लागू पडल्या. पण दोन हिवाळ्यांनंतर पाहिलं तेव्हा उजेडाच्या गटात सुमारे ४६ टक्के लोकांचं नैराश्य परतलेलं होतं, दुसऱ्या गटात २७ टक्के. याचं कारण मला तरी साधं दिसतं. दिवा दरवर्षी नव्यानं काढून रोज लावावा लागतो आणि लोक तो लावत नाहीत. शिकलेलं मात्र माणसाबरोबर राहतं : ‘मी निरुपयोगी आहे’ हा विचार आला की त्याला लगेच मान न डोलावणं, गळून जायला लागलं की नेमकं उलट करणं, ठरलेल्या वेळी बाहेर पडणं. समुपदेशक गाठायचा असेल तर या पद्धतीचं काम करणारा शोधा, आणि शोधाशोध उन्हाळ्यात करा. हिवाळ्यात तुम्ही तो फोन करणार नाही, हे आपल्या दोघींनाही माहीत आहे.

तोवर एक काम आत्ता, पत्र खाली ठेवायच्या आधी. गेल्या तीन वर्षांत मरगळ साधारण कोणत्या आठवड्यात लागली ते आठवा. मेसेज चाळले, जुने फोटो पाहिले तर सापडेल, फोटोंतून तुम्ही गायब झालात तो आठवडा धरा. त्याच्या दोन आठवडे आधीची तारीख फोनमध्ये टाका. खाली लिहा : दिवा काढणे, डॉक्टरांची वेळ घेणे, मैत्रिणीला सांगणे, नवऱ्याला सकाळचं काम लावून देणे. आणि ती आठवण टाकताना फोन विचारेल, एकदाच की दरवर्षी. दरवर्षी निवडा.

तुमची,
ताई